बुडापेस्टमधले बारा तंबोरे

“हे सगळं जाळावं लागेल,” डॉक्टर केलेमेन म्हणाले आणि हातातल्या पेन्सिलीनं त्यांनी तंबोऱ्याच्या पोटावर टकटक केलं.

म्हणाले ते अर्थात हंगेरियनमध्ये. आमच्या दूतावासातल्या झुझा नावाच्या दुभाषी मुलीनं ते मला इंग्रजीत सांगितलं. ते पुढे मराठीत सांगायचं काम माझं होतं. माझ्या शेजारी दस्तगीरचाचा उभे होते. दस्तगीर बारगीर, राहणार मिरज, तीन पिढ्या तंबोरे करणारं घराणं. वय साठीच्या पुढे, अंगात कुणाचा तरी उसना घेतलेला लोकरी कोट, डोक्यावर पांढरी टोपी. आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसून ते आपल्या तंबोऱ्यांसोबत बुडापेस्टला आले होते.

“काय म्हणत्यात सायेब?” त्यांनी विचारलं.

“थोडा वेळ लागेल म्हणतायत, चाचा. कागदपत्रांचं काहीतरी आहे.”

“लागू द्या की. पर ती पेन्सिल मारू नका म्हणावं. लाखेचं पालिश हाय. चरा उठतो.”

मी झुझाला सांगितलं, झुझानं डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर केलेमेन एकदम ओशाळले. “माफ करा,” असं म्हणून त्यांनी पेन्सिल खिशात टाकली. जे उद्या जाळायचं त्याच्यावर आज चरा उठू नये म्हणून जपणारा माणूस! त्या क्षणीच मला त्यांची भीती वाटायला लागली. असा माणूस नियम मोडत नाही.

ही १९७६ सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते, परराष्ट्र सेवेत नवीनच, दूतावासात थर्ड सेक्रेटरी. हंगेरीशी आपलं चांगलं सख्य होतं आणि त्या आठवड्यात मोठ्या व्यापारी कराराच्या बैठका चालल्या होत्या. औषधं, यंत्रं, चहा असा मोठमोठा माल. त्या यादीच्या अगदी तळाला एक ओळ होती : ‘तंबोरे, नग बारा.’ बुडापेस्टमधल्या एका संगीत विद्यालयात भारतीय गायनाचा वर्ग सुरू होणार होता, त्यासाठी. ते पसंत पडले, तर तिथली वाद्यांची सरकारी व्यापारी संस्था मिरजेकडून दरवर्षी वाद्यं घेणार होती आणि त्या बदल्यात व्हायोलिनं पाठवणार होती. ही शेवटची ओळ राजदूतसाहेबांनी माझ्याकडे सोपवली होती. “मिस देवस्थळी, तुम्ही महाराष्ट्राच्या. तुम्हीच बघा,” एवढंच ते म्हणाले होते.

मी बघितलं होतं. सगळा पत्रव्यवहार माझ्या हातचा होता. आणि मालाच्या वर्णनात मीच लिहिलं होतं : ‘लाकडी वाद्ये.’

तंबोऱ्याचं पोट भोपळ्याचं असतं. लहानपणी नागपुरात सहा वर्षं मी गाणं शिकले. तंबोरा मांडीवर घेऊन, त्याच्या भोपळ्याला हात टेकून बसले. पण फॉर्म भरताना ते डोक्यातच आलं नाही. वनस्पतीचा माल म्हटला की त्याला कीड नसल्याचं प्रमाणपत्र लागतं, लाकडी वाद्यांना लागत नाही. मी प्रमाणपत्र मागवलंच नाही. आणि आता डॅन्यूबकाठच्या त्या गार गोदामात वनस्पती तपासणी खात्याचे प्रमुख माझा कागद हातात धरून विचारत होते, “लाकडी? हा भोपळा लाकडी आहे?”

“दिल्लीहून आलेल्या कागदात काहीतरी गफलत झालेली दिसते,” मी म्हणाले.

डॉक्टर केलेमेन यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “गफलत असती तर मी नुसता तपास केला असता. पण मालाचं खरं रूप लपवलं असेल तर कायद्यात एकच वाट आहे. गुरुवारी सकाळपर्यंत तुमच्याकडून लेखी खुलासा आला नाही, तर माल भट्टीत जाईल.” मग जरा दुखावल्यासारखे ते म्हणाले, “मित्रदेशानं आमच्याशी असं का वागावं, ते मला कळत नाही.”

तो सोमवार होता. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता वर्गाचं उद्घाटन होतं.

राजदूतसाहेबांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. “त्याच मंत्रालयाशी आपली उद्या औषधांवर बैठक आहे,” ते म्हणाले. “बारा भोपळ्यांवरून मी तिथे वाद घालणार नाही. दिलगिरीचं गोलगोल पत्र लिहा. चूक कुणाची ते लिहू नका. एकदा लेखी कबुली दिली की ती जन्मभर फाईलमध्ये राहते. उद्घाटनाला ध्वनिमुद्रिका लावता येईल.”

“आणि कारागीर, सर?”

“त्यांना शहर दाखवा. चांगली भेटवस्तू द्या. परत पाठवा.”

दुसऱ्या दिवशी मी चाचांना शहर दाखवलं. पूल दाखवले, किल्ला दाखवला. ते सगळ्याला “झ्याक हाय” म्हणत होते आणि दर अर्ध्या तासानं विचारत होते, “गोदामात ओल न्हाई ना बाई? तारा उतरवून ठेवायला पायजे होत्या.” दुपारी नदीकाठच्या एका बाकावर आम्ही बसलो. त्यांनी पिशवीतून चपातीची गुंडाळी काढली, आतमध्ये मिरजेहून आणलेली शेंगदाण्याची चटणी होती. अर्धी त्यांनी माझ्या हातात दिली.

“तीस घरं हायत आमची मिरजेत,” ते सांगायला लागले. “सतार करणारी, तंबोरा करणारी. पोरं म्हणत्यात, आता सूरपेटी आली, भाता हलवला की सूर वाजतो, तंबोरा कोण घेनार? दोन पोरं टायरच्या कारखान्यात गेली. निघताना सगळे ठेसनावर आलते. म्हणाले, चाचा, परदेशात पसंत पडला तर आम्ही हत्यारं खाली ठेवनार न्हाई.”

मी सांगून टाकलं. “चाचा, ते लोक तंबोरे जाळणार आहेत.”

त्यांनी चपाती खाली ठेवली.

“कशापायी?”

“कागदावर भोपळा लिहिलेला नव्हता. लाकूड लिहिलं होतं.”

“कुनी लिवलं तसं?”

“दिल्लीनं,” मी म्हणाले.

चाचांनी मान हलवली. रागावले नाहीत, आवाजही चढला नाही. “दिल्लीला कुठनं ठावं असनार भोपळा?” ते समजुतीनं म्हणाले. “त्यांचा काय दोष न्हाई. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका बाई. तुम्ही तर आमच्यासाठी पळताय.”

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी कदाचित ते गोलगोल पत्रच पाठवलं असतं. पण त्यांनी उरलेली चपाती पुन्हा माझ्या हातात दिली. म्हणाले, “खावा. उपाशी मानसाला इलाज सुचत न्हाई.”

बुधवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आत मी टाइपरायटरवर बसले. पत्र चार ओळींचं झालं. वर्णन मी स्वतः लिहिलं. तंबोऱ्यात भोपळा असतो हे मला माहीत होतं आणि तरी माझ्या लक्षात आलं नाही. लपवण्याचा हेतू नव्हता. सोमवारी मी दिल्लीकडे बोट दाखवलं तेही खोटं होतं. खाली सही केली. एक प्रत राजदूतसाहेबांच्या टेबलावर ठेवली आणि त्यांनी बोलावण्याआधीच चाचांना आणि झुझाला घेऊन गोदाम गाठलं.

डॉक्टर केलेमेन यांनी पत्र दोनदा वाचलं. “हे तुम्हाला तुमच्या वरिष्ठांनी लिहायला सांगितलं?”

“नाही. नको सांगितलं होतं.”

“मग कशाला लिहिलंत?”

मी उत्तर देण्याऐवजी चाचांकडे वळले. “चाचा, कागद दिल्लीनं लिहिला नव्हता. मी लिहिला होता. काल तुमच्याशीही मी खोटं बोलले.”

चाचांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. “बरं झालं,” ते म्हणाले. “दिल्ली लई लांब पडली असती. तुम्ही जवळ हाय. आता पुढचं बोला.”

पुढचं डॉक्टरच बोलले. पत्राची घडी करून त्यांनी ती फाईलमध्ये घातली. “चूक असेल तर नियम वेगळा आहे. बारातलं एक वाद्य नमुना म्हणून उघडून तपासता येईल. आतमध्ये कीड नाही, माल पुरता वाळलेला आहे आणि कुठून आला हे कळतं आहे, अशी माझी खात्री झाली तर बाकीचे सोडता येतील. पण ते उघडायचं म्हणजे...” त्यांनी हातानं करवत चालवल्यासारखं केलं.

मी ते सांगितल्यावर चाचा घाईघाईनं म्हणाले, “करवत नको. मी उघडतो. ज्यानं शिवलं त्यालाच उसवता येतं. फक्त कुठला उघडायचा ते त्यास्नीच निवडू द्या. मी निवडला तर म्हणतील, चांगला बघून काढला.”

डॉक्टर बाराही तंबोऱ्यांसमोरून हळूहळू फिरले आणि सर्वांत मोठ्यापाशी थांबले. चाचांनी डोळे मिटून घेतले. तो बारातला सर्वांत उत्तम होता. मधोमध बसणाऱ्या गायकासाठी मुद्दाम केलेला. मग चाचांनी सोबत आणलेल्या हत्यारांच्या ट्रंकेतून पातळ पात्याची सुरी काढली, स्टोव्ह मागवला.

पातं तापवून ते त्यांनी भोपळा आणि तबली यांच्या सांध्यात सरकवलं. तबली म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली लाकडी फळी. सरस हळूहळू सुटत होता. गोदामातले हमाल कामं टाकून भोवती जमले. तासाभरानं ‘टक्’ असा बारीक आवाज झाला आणि तबली उचलली गेली. चाचांनी तंबोरा डॉक्टरांसमोर आडवा ठेवला आणि बाजूला झाले.

डॉक्टर केलेमेन यांनी विजेरी पेटवली. आत डोकावले, बोट फिरवलं, वास घेतला. भिंगातून सांधे तपासले. मग विजेरी एका जागी थांबली.

“इथे काहीतरी लिहिलेलं आहे.”

मी वाकले. भोपळ्याच्या आतल्या भिंतीवर शिसपेन्सिलीनं लिहिलेलं ठळक मराठी अक्षर होतं. मी वाचलं आणि वाचता वाचताच इंग्रजीत सांगत गेले. “माळेवाडी, भीमेकाठ. ज्ञानू कोळी यांच्या वेलाचा. वेलावरून उतरवला माघ महिन्यात, सन एकाहत्तर. चार वर्षं टांगून वाळवला. तोंड कापलं पंचाहत्तरच्या वैशाखात. किडका नाही, चिरलेला नाही. दस्तगीर.”

“हे आज लिहिलं?” डॉक्टरांनी विचारलं.

“आज कवा लिवनार? तुमच्या म्होरंच उघडला की,” चाचा म्हणाले. “सगळ्यांतच लिवतो. माझे वडीलबी लिवायचे.”

“बंद पोटाच्या आत? कोण वाचणार ते?”

“कुनीच न्हाई,” चाचा म्हणाले. “पर आत काय हाय ते मानसाला ठावं नको का?”

झुझानं ते डॉक्टरांना सांगितलं. मग त्यांनी आपल्या वहीत ओळीन् ओळ उतरवून घ्यायला सुरुवात केली. गावाचं नाव, पिकवणाऱ्याचं नाव, उतरवल्याची तारीख, वाळवल्याची मुदत. लिहून झाल्यावर त्यांनी वही मिटली. “मी तेवीस वर्षं प्रमाणपत्रं तपासतोय,” ते म्हणाले. “इतकं पुरं प्रमाणपत्र माझ्याकडे क्वचितच येतं.”

आणि अकरा खोक्यांवर त्यांनी एकेक शिक्का मारला. हमालांनी टाळ्या वाजवल्या. झुझा रडत होती आणि हसतही होती. मी चाचांचे हात धरले तर ते म्हणाले, “हात सोडा बाई, हा बारावा जोडायचाय अजून.”

तीच खरी अडचण होती. सरस लावून, दोरीनं आवळून तबली बसवली तरी ती सुकायला दोन कोरडे दिवस हवे होते. बाहेर तर धुकं होतं आणि भिंतींना पाणी सुटलं होतं. चाचा सांध्यावर हात ठेवून मान हलवत राहिले. तेव्हा डॉक्टर आम्हाला गोदामाच्या मागच्या एका लोखंडी दाराच्या खोलीत घेऊन गेले. किडका माल तापवून त्यातली कीड मारायची ती खोली. त्यांनी काटा अगदी खाली, तीस अंशांवर आणून ठेवला.

“मिरजेचा फाल्गुन!” आत शिरताच चाचा म्हणाले आणि त्यांनी आल्यापासून पहिल्यांदाच तो उसना कोट काढला.

गुरुवारी सकाळी डॉक्टर केलेमेन कागदात गुंडाळलेली एक लांबट वस्तू घेऊन आले. थोडे लाजत होते. कागद सोडला तर आतमध्ये भोपळा! लांब मानेचा, वाळवलेला, वापरून वापरून तांबूस झालेला. त्यांच्या वडिलांचा द्राक्षमळा होता. पिंपातली वाइन तोंडानं ओढून वर काढायला त्यांच्याकडे पूर्वापार असा भोपळा वापरतात. त्याला ते लोपोत्योक म्हणतात. झुझानं अर्थ सांगितला, “चोरभोपळा.” याच्या मानेला चीर गेली होती. तीन वर्षं तो तसाच पडून होता, कारण दुरुस्त करू शकणारा म्हातारा वारला होता.

चाचांनी भोपळा दोन्ही हातांनी घेतला, कानाशी नेला, नखानं वाजवला. “चांगला पिकलाय,” ते म्हणाले. “त्यास्नी सांगा, मी काय दारू घेत न्हाई. पर भोपळा घेत असंल, तर त्याला बरा करून देतो.”

डॉक्टर केलेमेन असे हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मग दोघं शेजारी शेजारी बसले. चाचा लाख वितळवत होते, चिरेत लाकडाचा भुसा भरत होते. डॉक्टर विजेरी धरून होते. झुझा जेवायला गेली, मी फोनवर गेले. परत आले तर दोघं तासभर कुणी दुभाषी नसताना बोलत होते. एकजण हंगेरियनमध्ये, एकजण मिरजेच्या मराठीत. भोपळा टांगून वाळवावा की आडवा ठेवून, याच्यावर त्यांचा कडाक्याचा वाद चालला होता.

शुक्रवारी दुपारी चाचांनी बाराव्या तंबोऱ्याच्या दोऱ्या सोडल्या. तारा चढवल्या, खुंट्या पिळल्या. तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीवर तारांखाली सुताचा दोरा सरकवत सरकवत ते एक जागा शोधत होते. तार नुसती वाजत होती, कोरडी, पत्र्यासारखी. चाचांच्या कपाळावर घाम होता. दोरा केसभर पुढे गेला आणि एकाएकी तार उघडली. तिच्यातून सूर उमलला, सुरातून दुसरा सूर निघाला, आणि ते सगळं गोदाम या टोकापासून त्या टोकापर्यंत घुमायला लागलं. एका हमालानं हातातलं खोकं अलगद खाली ठेवलं.

“जीव आला,” चाचा म्हणाले आणि तिथेच पोत्यावर बसले.

पाच वाजता विद्यालयाच्या सभागृहात बारा हंगेरियन विद्यार्थी बारा तंबोरे घेऊन अर्धवर्तुळात बसले. मधोमध तो बारावा. पहिला षड्ज लागला तेव्हा मी भिंतीला टेकून उभी होते. शेजारी डॉक्टर केलेमेन काळा सूट घालून, बायकोला घेऊन उभे होते. त्या बाराव्या तंबोऱ्याकडे बोट दाखवून ते बायकोच्या कानात काहीतरी सांगत होते. झुझा हळूच म्हणाली, “ते सांगतायत, याच्या पोटात काय लिहिलंय ते मला माहीत आहे.”

कार्यक्रम संपल्यावर व्यापारी संस्थेच्या संचालकांनी चाचांना मिठी मारली. बारा नव्हे, दरवर्षी चाळीस, तीन वर्षं. चाचांनी मला तो आकडा तीनदा सांगायला लावला. मग कोपऱ्यात जाऊन त्यांनी टोपीनं डोळे पुसले.

राजदूतसाहेब माझ्याजवळ आले. तीन दिवस ते माझ्याशी बोलले नव्हते. “तुमचं पत्र मी फाईलला लावलंय,” ते म्हणाले.

“हो सर.”

“जन्मभर राहील.”

“माहीत आहे, सर.”

“खाली मी एक ओळ लिहिली आहे. या अधिकाऱ्याला कठीण जागी पाठवावं म्हणून.” तेवढं बोलून ते संचालकांशी हात मिळवायला गेले. ती शिक्षा होती की बक्षीस, हे तेव्हा मला कळलं नाही. पुढे तीस वर्षं मला खरोखरच कठीण जागी पाठवण्यात आलं. लढाया थांबल्यानंतरच्या, बोलणी फिसकटल्यानंतरच्या, कुणी कुणाचा शब्द मानत नाही अशा जागी. तिथे समोरच्या माणसानं शेवटी काय बघून सही केली, याचा विचार केला की दर वेळी उत्तर सारखंच निघायचं : आपण आतलं न लपवता उघडून दाखवलं, ते बघून. पण ते उत्तर मला कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नव्हतं.

बुडापेस्टनंतरच्याच उन्हाळ्यात, ७७ साली, रजेवर आले तेव्हा मी पहिल्यांदा मिरजेला गेले. सतारमेकर गल्लीत शिरले तर दोन्ही बाजूंना ओट्यांवर माणसं बसलेली. कुणी लाकूड तासतंय, कुणी तारा ओढतंय. टायरच्या कारखान्यात गेलेली दोन्ही पोरं परत आली होती. त्यांनीच मला चाचांच्या दुकानापर्यंत नेलं. वर आढ्याला शंभरएक भोपळे टांगलेले होते. चाचा धडपडत उठले, सतरंजी झटकली, चहा सांगितला, आणि गल्लीतली पंधरावीस माणसं गोळा झाल्यावर माझ्याकडे हात करून मोठ्या ऐटीत म्हणाले,

“ह्या त्या हंगेरीच्या बाई. खोटं बोलायला गेल्या तर दोन दिवसबी टिकत न्हाई. तरी सरकारनं नोकरीला ठेवल्यात!”

सगळी गल्ली हसली. सर्वांत मोठ्यानं मी.